कुंपणावरची चादर

होटगी रोडला, जिथे गाव संपतं
आणि काळी माती तडकायला लागते,
तिथे कॉलेजच्या मागे एक खांब आहे.
दोन पुरुष उंच. वर पांढरी टोपी.
त्याला राखणं हे माझं काम.
नेमणूकपत्रात पद लिहिलंय 'तंत्र सहाय्यक'.
पेठेत म्हणतात, यमूलांची पोरगी, खांबवाली.

खांब रात्रंदिवस एकच सूर लावून असतो.
एक नाही, दोन. एक बारीक, एक जाड,
माणसाच्या कानाला न लागणारे.
त्यात ना बातमी, ना गाणं.

"मग ऐकायचं काय त्यात?" अप्पांनी विचारलं.
मी ओरडूनच सांगितलं, कारण चाळीस वर्षांच्या
जेकार्डच्या खडखडाटात त्यांचे कान गिरणीतच राहिले:
ऐकणारा वर आहे, अप्पा. तेराशे किलोमीटरवर.
पळत येतो तेव्हा सूर त्याला चढा लागतो,
पळत जातो तेव्हा उतरलेला.
मधे एकच क्षण, सूर जसा आहे तसा.
तेव्हा तो आपल्या सगळ्यात जवळ.
हा चढउतार तो लिहून ठेवतो.
असे खांब जगभर पाच-पन्नास.
सगळ्यांचं जुळवलं की त्याची वाट
बोटभर फरकानं सापडते.

"आणि दोन सूर कशाला?"
वर एक थर आहे, उन्हानं पेटलेला.
जाड सूर तिथे जास्त चुकतो, बारीक कमी.
दोघांच्या जबान्या ताडून पाहिल्या
की आकाशानं कुठे खोट घातली ते कळतं.

अप्पा बराच वेळ तंबाखू मळत बसले.
मग म्हणाले, "म्हणजे भोंगा."
भोंगा कधी जागचा हलला नाही,
म्हणून आपण कुठवर आलो ते कळायचं.
फाटकात ऐकला तर ठीक.
पुलावर ऐकला तर अर्धा रोज गेला.

मार्चात मेल आला. कुणा दूरच्या बाईचा,
जिनं सोलापूर फक्त आकड्यांत पाहिलंय:
मंगळवारपासून तुमचा सूर
पश्चिमेकडून मळका येतो, दुपारी दोन ते पाच.
काही उभं केलंय का?

गेले. कुंपणाच्या तारेवर चादर.
मोराची, दुहेरी, पाण्यानं निथळणारी.
तिच्या सावलीत खुर्ची, खुर्चीत दस्तगीरचाचा.
"एक्केचाळीस झालंय मॅडम," ते डोळे न उघडता म्हणाले,
"ओली केली की वारा गार लागतो."
ओली चादर सुराला आरसा होते,
हे त्यांना कसं समजावू?
चादर, खुर्ची आणि चाचा
तिघांना जनरेटरच्या खोलीमागे हलवलं.
खांबाला हलवता येत नाही.

बाईंना कळवलं: चादर होती.
त्यांनी विचारलं, चादर म्हणजे काय?
मी लिहिलं: साठ बाय नव्वद इंच, सुती,
वजन ओली असताना मोजलेलं नाही.
पुढे त्यांनी काय नोंदवलं, माहीत नाही.
सूर मात्र स्वच्छ झाला.

त्या वरच्याची वाट नीट कळली
तरच तो खाली समुद्राची उंची मोजू शकतो.
दरवर्षी पाणी किती चढलं, तांदळाच्या दाण्याइतकं का होईना.
आमच्याकडे समुद्र कुठला? तळं आहे सिद्धेश्वराचं,
तेही मे महिन्यात पायऱ्या दाखवतं.
तरी समुद्राच्या मोजपट्टीचं एक टोक
ह्या कातळात ठोकलेलं आहे, आणि त्याला
आठवड्यातून एकदा मी फडक्यानं पुसते.

एक गोष्ट अप्पांना सांगितलेली नाही.
खांबही हलतो.
सगळं दख्खन, गिरण्या, पूल, पेठ, आमचं घर,
दरवर्षी दोन-तीन बोटं ईशान्येला सरकतं.
आमच्या खांबाच्या जागेचा आकडाही
दरवर्षी थोडा पुढे लिहावा लागतो.

सांगेन कधीतरी.
सध्या ते ओट्यावर बसलेत, कान नसलेले,
सकाळच्या सातला अजूनही मान वळवतात
बंद गिरणीच्या दिशेनं.
ती दिशा तेवढी राहू दे.